मुलांसाठी मिश्र माध्यमातील चित्र: पावसातले कौलारू घर, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत

एकाच चित्रात दोन किंवा अधिक प्रकारची साधने वापरली की त्या चित्राला मिश्र माध्यमातील चित्र म्हणतात. जलरंगाने रंगवलेल्या कागदावर कापडाचा तुकडा चिकटवला, त्यावर दोऱ्याचे चार टाके घातले आणि शेवटी कोळशाने रेघ ओढली, तरी ते मिश्र माध्यम झाले. मुलांना एवढी ओळख पुरते. खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते, कारण कोणती वस्तू कशावर बसते, काय आधी लावायचे, काय शेवटी ठेवायचे आणि कोणती वस्तू वाळल्यावर कशी बदलते, हे मुलाला स्वतःच्या बोटांनी समजून घ्यावे लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात मी अनेक वर्षे मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेत आले आहे. त्या अनुभवावरून माझे असे ठाम मत झाले आहे की पहिल्या चित्रासाठी साधने मोजकी असावीत आणि त्यांतली निम्मी मुलाने आपल्याच परिसरातून गोळा करून आणलेली असावीत.

या मताला एक चुकलेला वर्ग कारणीभूत आहे. एका शाळेत ऐन आषाढात मी मुलांसमोर टिकल्या, लोकर, चकाकीची पूड, डाळी, बटणे, पिसे असे सगळे एकदम मांडले. मुलांनी ते सगळेच्या सगळे कागदावर लावले, खळ भरपूर वापरली, आणि दमट हवेत ती चित्रे एकावर एक रचून आम्ही कपाटात ठेवून दिली. गणेश चतुर्थीच्या आधी कपाट उघडले तेव्हा प्रत्येक चित्रावर करडी बुरशी चढली होती आणि डाळींना किडे लागले होते. मुलांच्या हिरमुसल्या चेहऱ्यांपुढे मला फार वाईट वाटले. त्या दिवसापासून पहिल्या चित्रात मी खाण्याचे कोणतेही धान्य वापरत नाही आणि साधनांची संख्या पाचावर जाऊ देत नाही.

थोडी पार्श्वभूमी

१९१२ साली पाब्लो पिकासो याने वेताच्या विणीचा छाप असलेला मेणकापडाचा तुकडा आपल्या चित्रावर चिकटवला आणि चौकट म्हणून चित्राभोवती दोर लावला. त्याच वर्षी चित्रकार जॉर्ज ब्राक याने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून तो कोळशाच्या रेखाटनात बसवला. अशा चिकटवलेल्या चित्रांना कोलाज म्हणतात, आणि ‘कोलाज’ हा शब्द चिकटवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. आपल्या देशात शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७च्या सुमारास पूर्णपणे गेली, आणि त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून चित्रे रचली. पालकांना मी हे उदाहरण मुद्दाम सांगते, कारण मिश्र माध्यमात डोळ्यांइतकाच स्पर्शाचाही वाटा असतो.

मुलांना मात्र यापेक्षा जवळचे उदाहरण द्यावे. आपल्याकडे घरोघरी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात, तिलाच आपले कन्नड शेजारी कौदी म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी नावाची गोधडी शिवतात. ती कडेपासून सुरू होऊन आत मध्याकडे सरकते आणि तिच्या चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची ‘फुले’ बसवलेली असतात. तुकड्याला तुकडा जोडून एक चित्र उभे करण्याची ही रीत मुलांनी पांघरुणात रोज पाहिलेली असते, त्यामुळे एखादी वाकळ वर्गात पसरून पहिली पंधरा मिनिटे तिच्यावरच बोलावे.

साहित्य कोठून आणि कसे जमवावे

या लेखातील चित्रासाठी पाच गोष्टी लागतात: जाड पुठ्ठ्याचे खोके, जुनी वर्तमानपत्रे, माती, सूत किंवा कापडाचे कातरण, आणि जलरंगाबरोबर एक पांढरी मेणबत्ती. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ आणि फेविकॉल असे दोन्ही ठेवावे, कारण त्यांची कामे वेगळी आहेत.

खोके किराणा दुकानात मिळते. त्याचा साधारण १२ बाय १५ इंचांचा सपाट तुकडा आधार म्हणून कापून घ्यावा, आणि कापण्याचे हे काम मोठ्यांनीच करावे. कातरण कोणत्याही शिंप्याकडे मिळते. बेळगावातील शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या वस्तीत राहणाऱ्यांना रंगीत सुताचे तुकडे सहज मिळू शकतील.

वर्तमानपत्रांच्या बाबतीत आपल्या भागाला एक वेगळाच लाभ आहे, आणि तो मुलांना जरूर दाखवावा. मराठी आणि कन्नड अशी दोन्ही दैनिके समोर ठेवावीत आणि बातम्या न वाचता नुसती अक्षरे हातभर अंतरावरून पाहायला सांगावे. मराठी मजकुरात शिरोरेखेमुळे आडव्या ओळी ठळक दिसतात, तर कन्नड मजकूर गोल कड्यांची जाळी विणल्यासारखा दिसतो. एकाच राखाडी छपाईचे हे दोन पोत आहेत. एका मुलाने भिंतीसाठी मराठी आणि झाडाच्या पानोळ्यासाठी कन्नड मजकूर निवडला होता. त्याला त्याचे कारण नीट सांगता आले नाही, पण निवड अचूक होती.

मातीचा रंग

हा भाग मी कधीही घाईने उरकत नाही. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला, खानापूर आणि जांबोटीच्या बाजूला, लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबडी झालेली जांभ्याची माती आहे, आणि पूर्वेकडे जावे तशी काळी कापसाची माती लागते. नात्यागोत्यांमुळे बहुतेक मुलांना दोन्ही प्रकारची मूठभर माती मिळवता येते.

माती वाळवून, ढेकळे फोडून चाळणीने चाळून घ्यावी. मग ती बादलीभर पाण्यात ढवळावी आणि साधारण मिनिटभर थांबावे. तेवढ्या वेळात वाळू आणि खडे तळाशी बसतात. वरचे गढूळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी वरचे निवळ पाणी काढून टाकले की तळाशी लोण्यासारखा मऊ गाळ उरतो, आणि हाच आपला रंग. तो थोडा सुकू द्यावा आणि दोन चमचे गाळात एक चमचा फेविकॉल व लागेल तसे पाणी घालून, चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपत घट्ट करावा.

हे प्रमाण सगळीकडे सारखे राहत नाही, म्हणून आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पट्टी ओढून वाळवून पाहावी. वाळलेल्या पट्टीवर बोट फिरवल्यावर माती बोटाला लागली तर फेविकॉल कमी पडला आहे, आणि पट्टी प्लॅस्टिकसारखी चमकली तर तो जास्त झाला आहे. काळी माती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तिचा जाड थर दिला की त्याला भेगा पडतात. मुलांना या भेगा दोष वाटतात. त्यांना उन्हाळ्यातल्या शेताची आठवण करून द्यावी आणि त्या भेगा चित्रातल्या शेतासाठी तशाच राखून ठेवायला सांगावे.

पिवळ्या रंगासाठी हळद वापरता येते. हळदीच्या पट्टीवर खाण्याच्या सोड्याचे पाणी ब्रशने लावले की ती डोळ्यांदेखत तांबूस होते, आणि हा प्रयोग मुलांना अतिशय आवडतो. त्यासाठी चुना मात्र देऊ नये, कारण तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. हळदीचा रंग उन्हाने उडतो हेही आधीच सांगून ठेवावे.

या वस्तू वर्गात आणू नयेत

मुले परिसरातून वस्तू गोळा करू लागली की हा भाग फार महत्त्वाचा ठरतो. लाल-काळी गुंज दिसायला मोहक असते आणि चित्रात शोभतेही, परंतु तिच्या बीमध्ये जहाल विष असते. बी चावली गेल्यास जीवावर बेतू शकते. एरंडाच्या, धोतऱ्याच्या आणि कण्हेरीच्या बियाही घेऊ नयेत. काजूच्या कच्च्या बियांच्या टरफलातील आणि बिब्ब्यातील तेलाने कातडी भाजते. खाजकुइलीच्या शेंगांना तर हातही लावू देऊ नये. निपाणीच्या बाजूला तंबाखूचे पान सहज मिळते आणि त्याचा पोत सुंदर असतो, तरीही ते वर्ज्यच समजावे, कारण ओल्या पानातील निकोटीन कातडीतून शरीरात जाते. जुन्या पद्धतीने खळ टिकवण्यासाठी तिच्यात मोरचूद घालत असत. मोरचूद विषारी असल्यामुळे मुलांच्या खळीत ते कदापि घालू नये.

खळ शिजवणे

वीस मुलांसाठी एक वाटी मैदा पुरतो. तो एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा. दुसऱ्या पातेल्यात चार वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण धार धरून ओतावे आणि सतत ढवळत राहावे. तीन-चार मिनिटांत दुधाळ रंग जाऊन खळ किंचित पारदर्शक होते, तेव्हा आच बंद करावी. गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते. चिमूटभर तुरटीची पूड घातल्यास ती जरा जास्त टिकते, तरी पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीच वास घेऊन पाहावा आणि आंबली असल्यास टाकून द्यावी. खळ कागदासाठी उत्तम असते, कारण ती लावल्यावर कागद काही क्षण सरकवता येतो आणि मुलाला मन बदलायला वाव मिळतो. पुठ्ठा, कापड आणि सूत यांना मात्र फेविकॉलच लागतो.

पहिला दिवस: आधार आणि पाऊस

पुठ्ठ्याच्या आधारावर खळीने वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवून घ्यावेत. तुकडे कात्रीने न कापता हाताने फाडावेत, म्हणजे त्यांच्या कडा एकमेकींत मिसळतात. ओला कागद फुगतो आणि वाळताना आक्रसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो, त्यामुळे एकाच बाजूला कागद लावला तर आधार पन्हळीसारखा वाकतो. तेवढेच तुकडे मागच्या बाजूलाही लावले की दोन्हीकडचा ताण सारखा होऊन पुठ्ठा सपाट राहतो. मागची बाजू कोणाला दिसत नाही म्हणून मुले ती टाळू पाहतात, पण येथे सूट देऊ नये.

आधार वाळेपर्यंत आकाशाची तयारी करावी. चित्रकलेच्या जाड कागदावर मेणबत्तीने जोर देऊन तिरक्या रेघा ओढाव्यात. पांढऱ्यावर पांढरे असल्याने काहीच दिसत नाही आणि मुले साशंक होतात. मग मोठ्या ब्रशने निळा व काळा मिसळलेला पातळ जलरंग एकदाच फिरवावा. मेणावर पाणी थांबत नाही, त्यामुळे जेथे मेणबत्ती फिरली तेथे रंग मागे सरतो आणि पावसाच्या सरी उमटतात. हे काम थेट वर्तमानपत्राच्या आधारावर केले तर पातळ रंगाखालून छपाई वर येते आणि सरी अक्षरांत हरवतात, म्हणून आकाश स्वतंत्र पांढऱ्या कागदावर करून नंतर फाडून लावायचे. मेण फक्त पुढच्या बाजूला असल्याने मागच्या बाजूला खळ व्यवस्थित धरते.

याच वेळी एक नियम मुलांच्या मनात पक्का करावा: मेणाच्या किंवा तेलकट खडूच्या वर काहीही चिकटत नाही, म्हणून आधारावर तेलकट खडू वापरायचाच असेल तर तो सर्वांत शेवटी. पोस्टर रंगाचेही असेच एक दुखणे आहे. तो वाळल्यावरही पाण्याने सुटतो, आणि त्यावर पातळ फेविकॉलचा हात दिला की सगळे पुसट होते. तो रंग कालवतानाच त्यात थोडा फेविकॉल घातला तर असे होत नाही.

दुसरा दिवस: कौले, भिंत आणि मांडणी

खोक्याच्या उरलेल्या पुठ्ठ्यातून छपराच्या आकाराचे तुकडे कापावेत. पुठ्ठ्याच्या नळ्या वरून खाली उताराच्या दिशेने याव्यात, हे कापण्यापूर्वीच पाहावे. तुकड्याच्या एका बाजूवर ओले फडके फिरवून दोन मिनिटे थांबावे आणि कोपऱ्यातून नखाने वरचा कागद उचलून सावकाश सोलावा. घाई केली तर तो तुकड्यातुकड्यांनी निघतो आणि खालच्या नळ्याही चेपतात. नीट सोलला की आतल्या पन्हळी उघड्या पडतात, त्यांवर तांबड्या मातीचा रंग कोरड्यासर ब्रशने वरवर फिरवला की उंचवट्यांवर माती बसते, खाचा गडद राहतात, आणि छप्पर तयार होते. माझ्या वर्गातला एक मुलगा त्या क्षणी ओरडला होता, “बाई, कौलं दिसायलीत की हो!” त्याने नंतर काही पन्हळी मुद्दाम बोटाने दाबून चेपल्या, कारण त्यांच्या घराच्या छपरावर माकडे उड्या मारतात आणि कौले फुटतात.

भिंतीसाठी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर मातीचा पातळ हात द्यावा, म्हणजे अक्षरे मातीतून थोडी डोकावतात. अंगणाला किंवा शेताला काळ्या मातीचा जाड थर थेट आधारावर द्यावा आणि तो ओला असतानाच काडीने नांगराचे तास ओढावेत.

आता सर्व तुकडे आधारावर मांडावेत, पण अजून काहीही चिकटवायचे नाही. पंधरा मिनिटे फक्त सरकवायचे. घर मध्यभागी बरे दिसते की कडेला, आकाश अर्ध्यावर आणावे की घराला चिकटून उतरवावे, कोणता तुकडा काढला तर चित्र मोकळे होते, हे मुलाने स्वतः पाहावे. डोळे किलकिले करून पाहिले की गर्दी कोठे झाली आहे ते लगेच कळते. मांडणी आवडली की मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवावा, कारण चिकटवण्यासाठी तुकडे उचलले की जागा विसरतात. मोठ्या माणसाने या पंधरा मिनिटांत हात मागे बांधून उभे राहावे. तुकडा आपण एकदा जरी “असा चांगला दिसतो” म्हणून सरकवला, तरी मूल पुढचा प्रत्येक तुकडा आपल्याला विचारून ठेवू लागते.

चिकटवताना मागच्या वस्तू आधी आणि पुढच्या नंतर लावाव्यात. प्रथम आकाश, मग भिंत, मग छप्पर. कागद मध्यावर टेकवून बोटांनी कडांकडे दाबत न्यावा, म्हणजे हवा अडकत नाही. आकाश आणि भिंत लावून झाली की त्यांवर प्लॅस्टिकचा कागद टाकून वजनाखाली अर्धा तास ठेवावे, पण शेताचा जाड थर आणि छपराच्या पन्हळी वजनाखाली चिरडतील, म्हणून त्या भागांवर वजन ठेवू नये. कोरड्या दिवसांत चित्र एका रात्रीत वाळते. आषाढ-श्रावणात दोन ते तीन दिवस धरावेत आणि चित्रे दोरीवर चिमट्याने टांगावीत किंवा पंख्याखाली सुटी पसरावीत.

तिसरा दिवस: सूत, टाका आणि रेघ

सुताने पागोळ्या, कुंपण, वेली, विजेच्या तारा असे पुष्कळ काही करता येते. फेविकॉलची बारीक रेघ ओढून तिच्यावर सूत बसवावे, उलट सूत फेविकॉलमध्ये बुडवू नये, कारण तसे केल्यास ते हाताला गुंडाळते आणि मूल वैतागते. दहा वर्षांपुढील मुलांना कापडाच्या तुकड्यावर धावदोरा घालून मग तो तुकडा चिकटवता येईल. पुठ्ठ्यातूनच टाका काढायचा असल्यास मोठ्यांनी दाभणाने आधी भोके पाडून द्यावीत.

एका विणकराच्या मुलीने अंगणाच्या जागी पहिल्यांदा सगळे सूत उभे लावले आणि ते वाळेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. विचारल्यावर म्हणाली, “हा ताणा झाला, बाणा नंतर.” मग तिने आडवे दोरे एक खालून, एक वरून असे बोटाने ओवले. तेवढ्या चार बोटांच्या अंगणासाठी तिला सव्वा तास लागला आणि बाकीचे चित्र अर्धवट राहिले. मी तिला ते पूर्ण करायला सांगितले नाही.

शेवटी कोळसा किंवा काळ्या खडूने आवश्यक तेथेच रेघ द्यावी. प्रत्येक आकाराला काळी कड काढण्याची सवय मुलांना लागलेली असते, पण पोत आपोआप वेगळे दिसत असताना त्या कडेची गरज उरत नाही. दाराची चौकट, खिडकीचे गज, भिजलेला कावळा एवढ्यावर थांबायला सांगावे.

वयानुसार बदल

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना कागद फाडणे, खळ लावणे आणि मातीत बोटे बुडवणे एवढेच द्यावे. बटणे, मणी अशा गिळता येण्याजोग्या वस्तू त्यांच्यासमोर ठेवू नयेत. सहा ते नऊ वर्षांची मुले गोल टोकाची कात्री वापरून वर सांगितलेले सगळे करू शकतात, फक्त दिवस तीनऐवजी चार धरावेत. त्यापुढील मुलांना घराऐवजी स्वतःचा विषय निवडू द्यावा. राजहंसगडाचा बुरूज, शिवजयंतीच्या मिरवणुकीतला चित्ररथ, बेंदराचा सजवलेला बैल असे विषय आमच्या मुलांनी निवडले आहेत.

चित्र पाहताना “हे काय काढलंस?” असे विचारू नये, कारण त्यातून ओळखू आले नाही असा अर्थ निघतो. “हे कसं केलंस, मला सांग” असे म्हटले की मूल कोणती माती कोठून आणली, कोणता कागद फाटला आणि मग काय सुचले, हे सगळे सांगू लागते.

जपणूक

पूर्ण वाळलेल्या चित्राच्या मातीच्या भागांवर समभाग पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक पातळ हात मऊ ब्रशने द्यावा. तो वाळेपर्यंत पांढरट दिसतो, त्याची काळजी करू नये. चित्रे एकावर एक ठेवायची असल्यास प्रत्येक दोन चित्रांमध्ये कोरडा कागद घालावा, कपाटात वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवावा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला ती बाहेर काढून वारा द्यावा. भिंतीवर लावायचे असेल तर थेट ऊन येणार नाही अशी जागा निवडावी.

मागच्या बाजूला नाव आणि तारखेबरोबर कोणती वस्तू कोठून आणली ते मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावे. त्या विणकराच्या मुलीच्या चित्रामागे असे लिहिले आहे: “तांबडी माती आज्जीच्या परसातली. काळी माती आत्याच्या शेतातली. सूत बाबांच्या मागावरचं. पाऊस मेणबत्तीचा.”